ग्रिड आणि डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंगमधलं संशोधन, सोलापुरात बसून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशांची धावपळ संपली की दरवर्षी केबिनच्या दारात दोन-तीन मुलं येऊन उभी राहतात. कुणी बार्शीचं, कुणी मोहोळचं, एखादी अक्कलकोटहून रोज ये-जा करणारी. ‘मॅडम, डिस्ट्रिब्युटेडमध्ये काहीतरी करायचंय.’ म्हणजे एक काम अनेक संगणकांत वाटून करण्याच्या विषयात. पुढचे प्रश्न मला आता पाठ झालेत. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते. एम.टेक.वाल्यांनी आणि पीएच.डी.ला बसणाऱ्यांनी हे वाचून मग यावं, म्हणजे चहा गरम असेपर्यंत मुद्द्यावर येता येईल.

‘ग्रिड’ हा शब्द संगणकात आला कुठून? विजेच्या ग्रिडशी त्याचा काही संबंध आहे का?

तिथूनच आला. भिंतीतल्या प्लगात पिन खुपसली की वीज मिळते. ती कोयनेची आहे की कोराडीची, अशी चौकशी मिक्सर लावताना कुणी करत नाही. गणनाशक्तीही तशीच मिळावी, ही कल्पना 1990 च्या दशकात इयान फॉस्टर आणि कार्ल केसेलमन यांनी अमेरिकेत मांडली आणि तिच्यासाठी ‘ग्लोबस’ नावाचं सॉफ्टवेअर उभं केलं.

सोलापूरकराला खरं तर हा शब्द समजावून सांगायची गरज पडू नये. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेचं वीज ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एका ठेक्यात आलं. तोवर दोन्हीकडून वीज जायची-यायची, पण डीसी दुव्यांतून. प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी आपापली असायची. त्या दिवसापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच 50 हर्ट्झ. मालक वेगळे, राज्यं वेगळी, यंत्रं वेगळी, पण शिस्त एक. ग्रिड कॉम्प्युटिंगची व्याख्या विचारलीत तर मी एवढंच सांगेन, आणि त्या व्याख्येचं एक टोक आपल्या जिल्ह्यात उभं आहे.

मात्र ही उपमा एका जागी तुटते, आणि संशोधनाचे निम्मे प्रश्न तिथेच आहेत. विजेला सामान नसतं. संगणकाच्या कामाबरोबर डेटाचं गाठोडं जातं. 1 टेराबाइट डेटा 100 एमबीपीएसच्या लाइनवरून पुण्याला पाठवायचा, तर लाइन पूर्ण मोकळी मिळाली तरी 80,000 सेकंद लागतात, म्हणजे साधारण 22 तास. तीच डिस्क पिशवीत घालून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसला बसलात तर चारेक तासांत पुणे. मग काम डेटाकडे न्यायचं की डेटा कामाकडे आणायचा, या एका प्रश्नावर कितीतरी पीएच.डी. झाल्या आहेत, अजूनही होतील.

क्लस्टर, ग्रिड, क्लाऊड: नेमका फरक काय?

क्लस्टर म्हणजे एका छताखाली, एका मालकाची, बहुधा सारखी मशिनं. 1994 मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे 16 साधे पीसी जोडून ‘बेओवुल्फ’ उभा केला, तो या जातीचा गाजलेला पूर्वज. ग्रिडमध्ये मालक अनेक असतात आणि कुणाचा कुणावर हुकूम चालत नाही. फॉस्टरने 2002 मध्ये तीन कसोट्या सांगितल्या होत्या: नियंत्रण एका हातात नसावं, नियम सर्वांना खुले आणि प्रमाणित असावेत, आणि मिळणारी सेवा सुट्या सुट्या मशिनांच्या बेरजेपेक्षा जास्त कामाची असावी. क्लाऊड म्हणजे एका मोठ्या मालकाचं भाड्याचं घर. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम हे या सगळ्यांचं आडनाव.

ग्रिड आता जुनं झालं ना? सगळे क्लाऊडच म्हणतात.

शब्द जुना झाला, हे खरं आहे. 2006 मध्ये अ‍ॅमेझॉनने गणनाशक्ती तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि हळूहळू निधी मागणाऱ्या अर्जांतला ‘ग्रिड’ खोडून तिथे ‘क्लाऊड’ आला. खुद्द ग्लोबसच्या मंडळींनी ते जुनं सॉफ्टवेअर 2018 मध्ये थांबवलं.

पण युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेत कण एकमेकांवर आदळवणारं लार्ज हॅड्रॉन कोलायडर हे यंत्र आहे, त्याचा डेटा आजही जगभर पसरलेल्या ग्रिडवरच हाताळला जातो. त्यात 40 हून अधिक देशांतली सुमारे 170 केंद्रं आहेत. 4 जुलै 2012 ला हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याची घोषणा झाली, तिच्यामागची आकडेमोड याच जाळ्यावर झाली. त्यातली दोन केंद्रं आपल्याकडची: मुंबईची टीआयएफआर आणि कोलकात्याचं व्हीईसीसी, दोन्ही संशोधन संस्था. सी-डॅक या आपल्या सरकारी संगणन संस्थेनेही ‘गरुडा’ नावाच्या ग्रिडने 17 शहरांतल्या 45 संस्था जोडल्या होत्या.

तेव्हा प्रबंधाच्या नावात कुठला शब्द घालायचा ते तुमच्या गाइडला विचारा. खालचे प्रश्न मात्र तेच आहेत: काम कुणाला द्यायचं, दिलेलं काम झालं की नाही हे कसं कळणार, आणि झालं असं सांगणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा.

लोकांच्या घरच्या संगणकांवर संशोधन चालतं म्हणे. ते कसं?

याचं उत्तर सोलापूरच्या पूर्व भागात कुठल्याही घरी मिळेल. विडी कामगार बाई कारखान्याच्या शाखेतून तेंदूपान, तंबाखू, सूत मोजून घेते, घरी बसून विड्या वळते, जुड्या बांधून परत नेऊन देते. तिथे तपासणी होते, वाईट विड्या छाट म्हणून बाजूला काढतात, मजुरी हजारामागे. बाई काम सकाळी करते की रात्री, सलग की स्वयंपाक उरकून, याच्याशी कारखान्याला देणं-घेणं नाही.

स्वयंसेवी संगणन हुबेहूब असंच चालतं. 17 मे 1999 ला बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून ‘सेटी अ‍ॅट होम’ सुरू झालं. अरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेले रेडिओ संकेत सुमारे साडेतीनशे किलोबाइटच्या तुकड्यांत कापायचे, एकेक तुकडा कुणाच्या तरी घरच्या पीसीला द्यायचा, पीसी रिकामा असताना त्यात परग्रहावरचा काही आवाज आहे का ते तपासायचं आणि उत्तर परत पाठवायचं. 50 लाखांहून जास्त लोक त्यात सामील झाले. त्यांना मजुरी नव्हती, गुण मिळायचे. मार्च 2020 अखेर नवे तुकडे वाटणं थांबलं. परग्रहवासी काही सापडला नाही, पण त्यातून डेव्हिड अँडरसन यांच्या गटाने केलेलं ‘बॉइंक’ हे सॉफ्टवेअर मागे राहिलं, आणि त्यावर अजून कितीतरी प्रकल्प चालतात.

आता उपमेतला फरक बघा. तपासनीस विडी हातात घेतो आणि छाट आहे की नाही ते क्षणात सांगतो. गणिताचं उत्तर हातात घेऊन कळत नाही. ते खरं की खोटं हे बघायचं तर बऱ्याचदा सगळं गणित पुन्हा करावं लागतं. सेटीत काही बहाद्दरांनी गुण वाढवण्यासाठी प्रोग्राममध्ये फेरफार केलेच. म्हणून तोच तुकडा दोन-तीन अनोळखी घरांना द्यायचा आणि उत्तरं जुळली तरच मान्य करायचं, अशी पद्धत पडली. म्हणजे निम्मी शक्ती विश्वासावर खर्च झाली. हा खर्च कमी कसा करायचा? ज्याची मागची शंभर उत्तरं बरोबर आली त्याचं एकशे एकावं न तपासता घ्यावं का? हा विषय मी तीनदा मुलांना सुचवला. तिघांनाही तो ‘छोटा’ वाटला.

आमच्या लॅबमध्ये चाळीस पीसी आहेत, तेही जुने. त्यांचं काही होईल?

होईल. माझं सगळं काम असल्याच मशिनांवर झालंय.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी यांच्या गटाने 1988 पासून ‘कॉन्डॉर’ नावाची व्यवस्था वाढवली. आज तिचं नाव एचटीकॉन्डॉर. ती फुकट आहे. रिकामा पीसी शोधायचा, त्याला काम द्यायचं, कुणी येऊन माउस हलवला की काम तिथून उचलून दुसरीकडे ठेवायचं, एवढंच ती इमानदारीने करते. सेकंदाला किती गणितं होतात याची फुशारकी तिला नाही. महिन्याला किती होतात ते ती बघते.

आम्ही ती बसवली तेव्हा पहिल्या आठवड्यातच एक गूढ उभं राहिलं. रोज संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला चाळीसच्या चाळीस पीसी (आमच्या भाषेत नोड) एकदम मरायचे. नेटवर्क तपासलं, स्विच बदलला, मशिनांच्या नोंदी, म्हणजे लॉग, वाचून डोळे दुखले. शेवटी कळलं की लॅबचे मामा घरी जाताना मेन स्विच पाडतात. ती त्यांची वीस वर्षांची सवय, आणि चुकीची अजिबात नाही. एकदा शॉर्टसर्किट झालेलं त्यांनी पाहिलंय. मामांना बदलण्याऐवजी आम्ही कामं वाटणाऱ्या शेड्युलरला सांगितलं की साडेचारनंतर लांबलचक काम हातात घेऊ नकोस. वेळ ठाऊक असलेला बिघाड हा बिघाड नसतोच, ती वेळापत्रकातली एक ओळ असते. माझ्या एका विद्यार्थ्याचा अख्खा दुसरा अध्याय मामांच्या त्या स्विचवर उभा आहे.

दुसरी गंमत उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 वर गेला की खिडकीकडच्या रांगेतले पीसी तापतात, प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि तेच काम दीडपट वेळ घेतं. चाळीसातले अडतीस तुकडे आले तरी दोन रखडले म्हणून सगळं अडतं. गूगलच्या जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी 2004 मध्ये मॅपरिड्यूस ही काम तुकड्यांत वाटून उत्तरं एकत्र करायची पद्धत मांडली, त्यात यावर साधा तोडगा आहे: काम संपत आलं की उरलेल्या तुकड्यांची दुसरी प्रत मोकळ्या मशिनांना द्यायची, जो आधी येईल त्याचं घ्यायचं. त्यांच्या चाचणीत ही सोय बंद केली तेव्हा त्याच डेटाची क्रमवारी लावायला 44 टक्के जास्त वेळ लागला होता. वातानुकूलित डेटा सेंटरमध्ये रखडणारं मशिन शोधायला जावं लागतं. आपल्याकडे ते खिडकीपाशीच बसलेलं असतं.

चाळीस मशिनं लावली की काम चाळीस पट लवकर होतं?

नाही. 1967 मध्ये जीन अ‍ॅम्डाल यांनी याचा हिशेब मांडला. कामाचा काही भाग वाटून देताच येत नाही: फाइल वाचायची, उत्तरं एकत्र करायची. हा भाग 10 टक्के असेल तर 40 मशिनांवर वेग जेमतेम 8 पट होतो. 5 टक्के असेल तर साडेतेरा पट. 1 टक्का असला तरी 29 च्या आतच. आणि 10 टक्केवाल्याला जगातली सगळी मशिनं दिली तरी तो दहा पटीच्या पुढे जात नाही.

म्हणून ‘अजून दहा पीसी मिळाले तर’ असा अर्ज लिहिण्याआधी न वाटता येणारा भाग किती आहे ते मोजा. तो अर्ज बहुतेक वेळा लिहावा लागत नाही.

मध्येच लाइट गेली तर?

जाणारच. प्रश्न इतकाच की गेलेलं काम किती. कामाची स्थिती अधूनमधून डिस्कवर लिहून ठेवायची, याला चेकपॉइंट म्हणतात. फार वेळा लिहिलं तर लिहिण्यातच वेळ जातो, फार उशिरा लिहिलं तर लाइट गेल्यावर सगळं पुन्हा करावं लागतं. मधला मार्ग 1974 मध्ये जॉन यंग यांनी एका ओळीत सांगितला: चेकपॉइंटला लागणारा वेळ गुणिले दोन बिघाडांमधला सरासरी वेळ, त्याची दुप्पट, आणि त्याचं वर्गमूळ.

समजा प्रत्येक पीसी दहा दिवसांतून एकदा दगा देतो. ऐकायला ठीक वाटतं. पण चाळीस पीसी एकाच कामात एकमेकांवर अवलंबून असतील तर त्या कामाला दर 6 तासांनी कुणीतरी दगा देणार. चेकपॉइंटला 2 मिनिटं लागत असतील, तर 2 गुणिले 2 गुणिले 360, म्हणजे 1440, त्याचं वर्गमूळ साधारण 38. दर 38 मिनिटांनी लिहा. इन्व्हर्टरची बॅटरी किती टिकते याची चर्चा त्यानंतर करू.

सगळ्या मशिनांची घड्याळं जुळवून घेतली की झालं ना?

घड्याळावर विश्वास ठेवून मी दोन आठवड्यांची उत्तरं घालवली आहेत, म्हणून इथे जरा थांबते.

जुन्या पीसीच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सीमॉस सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर मशिन आपलं साल विसरतं. आमचे तीन पीसी मामांच्या कृपेने रोज सकाळी 2009 सालात उठायचे. उत्तरं गोळा करणारा आमचा प्रोग्राम ‘सर्वांत ताजी फाइल’ उचलायचा. त्या तिघांची फाइल नेहमी सतरा-अठरा वर्षं जुनी दिसायची, म्हणून त्यांची नवी उत्तरं फेकली जायची आणि आधीच्या फेरीची चुकीची उत्तरं आत यायची. आलेख सुंदर दिसत होते. म्हणूनच कुणाला शंका आली नाही.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्ये याच्या मुळाशी हात घातला. वेगवेगळ्या मशिनांवर किती वाजले हे नेमकं जुळणं शक्य नसतं. पण बहुतेक वेळा आपल्याला वेळ नकोच असते, आधी काय आणि नंतर काय एवढंच हवं असतं. त्यासाठी आकडा पुरतो. प्रत्येक मशिन आपला एक आकडा ठेवतं, दर घटनेला तो एकने वाढवतं, निरोपासोबत पाठवतं. निरोप घेणाऱ्याचा आकडा लहान असेल तर तो आलेल्या आकड्याच्या एक पुढे उडी मारतो. तहसील कचेरीतला आवक-जावक कारकून हेच करतो. कागद किती वाजता आला यावर भांडण होऊ शकतं, आवक क्रमांकावर होत नाही. लॅम्पोर्ट यांना पुढे 2013 चं ट्युरिंग पारितोषिक, संगणकशास्त्रातला मोठा मान, मिळालं.

कॅप प्रमेय मुलाखतीत विचारतात. एका परिच्छेदात सांगाल?

करमाळ्याच्या एटीएमची सोलापूरच्या मुख्य शाखेशी लाइन तुटली आहे. समोर गिऱ्हाईक पाच हजार मागतंय. पैसे दिले तर खात्याचा हिशेब दोन्हीकडे वेगळा होण्याची जोखीम, नाही दिले तर सेवा बंद. कॅपमध्ये तीन गोष्टी आहेत: हिशेब सगळीकडे एकच असणं, सेवा चालू राहणं आणि लाइन तुटली तरी व्यवस्था टिकणं. लाइन तुटलेली असताना पहिल्या दोन्ही एकदम साधत नाहीत. एरिक ब्रुअर यांनी 2000 मध्ये हा अंदाज मांडला आणि 2002 मध्ये सेठ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी तो सिद्ध केला. ‘तिन्हींपैकी कुठलेही दोन निवडा’ असं पाठ करून जाऊ नका. लाइन कधी तुटेल हे तुमच्या हातात नसतं, त्यामुळे निवड उरलेल्या दोनांतलीच असते.

संशोधनासाठी विषय कसा निवडावा? मी ‘नवीन शेड्युलिंग अल्गोरिदम’ करावं म्हणतोय.

प्राण्याचं नाव आहे का त्यात? असेल तर बसा, थोडं बोलू.

चांगलं उत्तर शोधायला प्राण्यांच्या वागण्याची नक्कल करायची फॅशन आहे. राखाडी लांडग्यांच्या कळपावरून 2014 मध्ये एक पद्धत आली, देवमाशावरून 2016 मध्ये. मग रांगच लागली. आपल्याकडचा ठरलेला साचा असा: एक प्राणी घ्या, दुसऱ्या प्राण्याशी त्याचा संकर करा, क्लाऊडसिम या सिम्युलेटरवर (मशिनांचं नाटक करणाऱ्या प्रोग्रामवर) चालवा, तिसऱ्या प्राण्यापेक्षा 18 टक्के बरं आलं असं लिहा. 2015 मध्ये केनेथ सोरेन्सेन यांनी या सगळ्या प्रकारावर कडक टीका केली: उपमा काढून टाकली की खाली बऱ्याचदा जुनंच गणित सापडतं.

लांडग्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार तुलनेबद्दल आहे. सगळ्यांत मोठं काम आधी घ्या आणि जे मशिन आधी रिकामं होईल त्याला द्या, ही पद्धत किराणा दुकानदारालाही सुचेल. रोनाल्ड ग्रॅहम यांनी 1969 मध्ये सिद्ध केलं की सारखी मशिनं आणि सुटी सुटी कामं असतील तर ही पद्धत सर्वोत्तम वेळेच्या चार तृतीयांशापेक्षा वाईट कधीच जात नाही. आता एखाद्या निबंधात ‘अशाच परिस्थितीत आम्ही या साध्या पद्धतीपेक्षा 40 टक्के वेळ वाचवला’ असं दिसलं, तर निबंध मिटा. चार तृतीयांशावरून खाली यायला जागाच 25 टक्क्यांची आहे. असं वाक्य मी एका प्रबंधात खरोखर वाचलंय, आणि तोवर त्यावर तीन सह्या झाल्या होत्या.

विषय शोधायची माझी रीत उलटी आहे. आधी एक महिना लॅबमध्ये काम करा, लॉग ठेवा, काय काय बिघडलं ते वहीत लिहा. वहीत ज्या गोष्टीची तक्रार सर्वांत जास्त वेळा आली, तो विषय.

सिम्युलेटर पुरतो का, की खरी मशिनं लागतातच?

सुरुवातीला पुरतो. मेलबर्न विद्यापीठात राजकुमार बुय्या यांच्या गटाने केलेले ग्रिडसिम आणि क्लाऊडसिम किंवा फ्रान्समधला सिमग्रिड, तिन्ही फुकट आहेत. पण सिम्युलेटरमध्ये मामा नसतात. त्यात बिघाड तुम्हीच घालता, म्हणजे तुम्हाला सुचेल तेवढाच. निदान कामांची यादी तरी मनाने बनवू नका. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या ड्रोर फायटेलसन यांनी खऱ्या सुपरकॉम्प्युटरांच्या कामांच्या नोंदी जमवून सर्वांसाठी ठेवल्या आहेत, नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठाने ग्रिडच्या. त्या वापरा. माझ्याकडे सिम्युलेशनवर आलेल्याला एक छोटा प्रयोग तरी खऱ्या मशिनांवर करावाच लागतो, चार पीसींवर का होईना.

सोलापूरचा म्हणावा असा काही विषय आहे का?

भरपूर आहेत, फक्त ते संगणकाच्या पुस्तकात सापडत नाहीत.

डाळिंब घ्या. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावलाच आहे. तेल्या रोगाने बागा कशा जातात हे सांगोल्या-पंढरपूरच्या मुलांना मी सांगायला नको. फोनवर काढलेल्या पानाच्या फोटोवरून तेल्या ओळखायचा प्रोग्राम बनवायचा, तर त्याची मांडणी कशी ठेवायची याची समजा 200 कॉम्बिनेशन्स करून बघायची आहेत, एकेकाला 40 मिनिटं. एका पीसीवर साडेपाच दिवस, रात्रंदिवस. चाळीस पीसींवर पाच फेऱ्या, तीन तास वीस मिनिटं. सकाळी दहाला सुरू करा, मामा येईपर्यंत चार तास हातात उरतात. तुकडे एकमेकांशी बोलतच नाहीत, म्हणून हे इतकं सोपं. इंग्रजीत या प्रकाराला ‘लाज वाटावी इतकं समांतर’ अशा अर्थाचं नाव आहे. लाज कसली, पोटाला देतं ते.

पाऊस याच्या बरोबर उलट. आपण पर्जन्यछायेत आहोत, म्हणूनच पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये ढगांत बीज पेरायचे प्रयोग सोलापूर भागात केले. हवामानाचं मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून चालतं आणि प्रत्येक चौकोनाला क्षणोक्षणी शेजाऱ्याची खबर लागते. तिथे वेग ठरतो तो निरोप पोचायला लागणाऱ्या वेळावर. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सोलापूर–पुणे अडीचशे किलोमीटर धरलं तर जाऊन यायला कमीत कमी अडीच मिलिसेकंद. चांगल्या क्लस्टरच्या आत हेच काम काही मायक्रोसेकंदांत होतं. म्हणून एक मॉडेल दोन गावांत वाटून चालवणं म्हणजे शेजारणीशी पोस्टकार्डाने बोलणं. पण तेच मॉडेल थोड्या वेगळ्या सुरुवातीने पन्नासदा चालवायचं असेल, तर पन्नास गावांत खुशाल वाटा.

तिसरा, आषाढीचा. एकादशीला पंढरपुरात फोन लावून बघा. लाखो माणसं आणि टॉवर तेवढेच. गर्दी मोजणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्र दूरच्या सर्व्हरला पाठवून उत्तराची वाट बघणं तिथे परवडत नाही. मोजणी कॅमेऱ्यापाशीच व्हावी आणि वर फक्त आकडा जावा. लाइन गेली तर आकडे साठावेत आणि नंतर न चुकता, न दुबार होता पोचावेत. ‘न दुबार होता’ हे तीन शब्द लिहायला सोपे आहेत. ते करून दाखवाल तर पदवी तिथेच मिळेल.

यंत्रमागांचा विषयही आहे, पण त्यावर अजून माझा हात बसलेला नाही. चादरीवर मोर उमटवणाऱ्या जॅकार्ड मागाची भोकं पाडलेली कार्डं हा आपल्या धंद्याचा पणजोबा, एवढं मात्र अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मुलांना नेऊन दरवर्षी दाखवते.

खरोखर मोठं मशिन लागलंच तर?

राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहीम 2015 मध्ये 4,500 कोटींची मंजूर झाली आणि तिच्यातून देशभरच्या संस्थांत परम मालिकेची मशिनं बसली. सगळ्यांत जवळचं म्हणजे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतलं परम ब्रह्म. तिथल्या कुणाबरोबर संयुक्त काम उभं करणं हा सरळ रस्ता. पण जाताना आपला प्रोग्राम 4, 8, 16, 32 मशिनांवर कसा चालतो याचा आलेख घेऊन जा. तो नसेल तर कुणी का वेळ द्यावा?

आधी काय शिकून येऊ?

लिनक्स, काळी स्क्रीन न घाबरता. सी किंवा गो यांपैकी एक भाषा, आणि पायथॉन. मशिनांनी एकमेकांना निरोप द्यायची रीत म्हणजे एमपीआय, तिचे पाच-सहा आदेश. सॉकेट (नेटवर्कवरून बोलायचं दार) उघडून दोन मशिनांत निरोप पाठवता आला पाहिजे, आणि मध्येच केबल काढली तर तुमचा प्रोग्राम काय करतो हे सांगता आलं पाहिजे. माझी प्रवेशपरीक्षा तीच आहे. केबल मी काढते. संभाव्यता थोडी उजळून या.

पीएच.डी.ला किती वर्षं? निबंध कुठे पाठवायचे?

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं, पुढे वाढ मागता येते. नोकरी करून करणाऱ्यांनी पाच धरून चालावं. निबंधासाठी सीसीग्रिड, एचपीडीसी आणि भारतात होणारी हायपीसी या परिषदा बघा. 2023 ची सीसीग्रिड बंगळुरूला होती, आमची दोन मुलं रात्रीच्या गाडीने जाऊन ऐकून आली. ‘सात दिवसांत प्रसिद्धी’ असा मेल आला तर तो उघडूही नका.

मुलीला यासाठी पुण्याला पाठवावं लागेल का? (हा प्रश्न वडिलांचा.)

शिकायला नाही, काका. नोकरीला बहुधा हो.

आमच्या ऑफिसातले जुने पीसी देऊन टाकायचेत. घ्याल का?

आनंदाने. मॉनिटर नको, रॅम चार जीबीच्या खाली नको. पॉवर सप्लायला जळका वास येत असेल तर तो काढून आणा. आणि एक काम कराच: येताना नवी पेठेतून प्रत्येकाला एक नवा सीमॉस सेल टाकून आणा.